तांब्याच्या रंगाची चाकं

हॉर्न दोनदा वाजायचा, आखूड. मग ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली जायची आणि आतून एक हात बाहेर यायचा. तळवा आमच्याकडे केलेला, चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसा.

"मदत नको. जागा द्या."

मनीषनगरमध्ये माझं टायरचं दुकान आहे. नवे टायर, अलॉय चाकं, अलाइनमेंट, सगळं करतो. दुकानापुढे तीन गाड्या मावतील एवढी जागा, तिच्यात नेहमी पाच उभ्या असतात. गिऱ्हाईक आलं की आमची माणसं पुढे धावतात, दार उघडून देतात. मॅडमच्या बाबतीत ही रीत पहिल्याच दिवशी बंद पडली.

त्या दिवशी एक नवी कोरी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. मागच्या काचेवर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र होतं. सलीमभाई, म्हणजे माझे फिटर, माझ्याहून वयाने मोठे आणि दुकानात माझ्याइतकेच जुने. ते दार उघडायला गेले तर समोर तळवा आला. सलीमभाई जागीच थांबले. आतल्या बाईंनी शेजारच्या सीटवरची खुर्चीची चौकट उचलली, स्वतःच्या अंगावरून स्टिअरिंगच्या फटीतून वळवत बाहेर काढली आणि जमिनीवर टेकवली. मग मागच्या सीटवरचं एक चाक काढून तिला लावलं, कट्ट. मग दुसरं, कट्ट. मग गादी. शेवटी दोन्ही हातांवर अंग तोलून त्या सीटवरून खुर्चीत आल्या आणि ओढणी सारखी केली.

शेजारच्या टपरीवरची माणसं चहाचे ग्लास घेऊन पुढे आली होती. एक गृहस्थ फारच कळवळून अगदी जवळ येऊन उभे राहिले.

"काका, तुम्ही मनाचे चांगले आहात," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही जिथं उभे आहात न, तिथूनच मले जायचं आहे."

काका लाजून हसले आणि बाजूला झाले. मॅडम तडक आमच्या भिंतीकडे गेल्या. तिथे अलॉय चाकं टांगलेली असतात. खालच्या ओळीतल्या एका चाकावरून त्यांनी बोट फिरवलं. चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा रंग होता त्याचा. तसली चाकं आमच्याकडून कॉलेजची पोरं नेतात, नाहीतर नुकते बिल्डर झालेले लोक.

"हे पायजे. चारही."

मी म्हणालो, "मॅडम, गाडीची कंपनीची चाकं नवीच आहेत. चांगली आहेत."

"चांगली तर आहेतच." त्यांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं. "पण भाऊ, मी ज्या गावात जाते तिथं लोक म्हणतात, ते पाहा, अपंगाची गाडी आली. मले वाटते त्यांनी म्हणावं, ते पाहा, सोनेरी चाकाची गाडी आली. एवढंच."

मी चाकं खाली उतरवली.

त्यांचं काम अंगणवाडी सेविकांना शिकवण्याचं. जिल्ह्यातल्या गावोगावी जाऊन प्रशिक्षण द्यायचं, पुन्हा जाऊन पाहायचं, पुन्हा शिकवायचं. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. राहायच्या सक्करदऱ्याला, तलावाच्या बाजूला. गाडी त्या हातांनीच चालवायच्या. स्टिअरिंगखाली एक दांडा बसवलेला होता. तो पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की रेस. डावा हात दांड्यावर, उजवा स्टिअरिंगवर. तुम्ही-आम्ही चार अवयवांनी करतो ते काम त्यांचे दोन हात करायचे, आणि वर हॉर्नही.

अडचण आली ती सेन्सरची. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चाकाच्या आत, हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या मुळाशी, काडेपेटीपेक्षाही लहान एक यंत्र बसवलेलं असतं. आतल्या हवेचा दाब मोजून ते बिनतारी डॅशबोर्डला कळवतं. कुठल्या चाकात किती हवा आहे त्याचे आकडे ड्रायव्हरसमोर दिसतात, हवा कमी झाली की पिवळा दिवा लागतो. बाहेरची चाकं बसवायची तर हे सेन्सर जुन्या चाकांतून काढून नव्यांत घालावे लागतात. खटपटीचं काम. त्यामुळे बरेच लोक म्हणतात, राहू द्या, साधा रबरी व्हॉल्व्ह लावा. मग दिवा कायमचा लागून राहतो आणि ते त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावतात. तुमच्यापैकी कुणाच्या गाडीत अशी पट्टी असेलही.

सलीमभाईंनी जुन्या चाकातला सेन्सर काढून नव्या चाकात बसवून पाहिला. बसेना. त्या सोनेरी चाकाचा आतला उतार वेगळा होता. व्हॉल्व्हचं भोक बरोबर, पण सेन्सरचा एक कोपरा वर उचललेला राहायचा. टायर चढवताना तो तुटणार हे दिसतच होतं.

"मॅडम, ये नहीं बैठेगा," सलीमभाई म्हणाले.

मी नेहमीचा मार्ग सांगितला. "सेन्सर राहू द्या न मग. दिवा लागला तर लागला, त्यानं काही होत नाही."

"तुमाले काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "गाडी एका बाजूला ओढली तर तुम्ही उतरता, टायरले लात मारून पाहता, झालं. मी कशी पाहू? जंगलातल्या रस्त्यानं जाते मी. पावसात, चिखलात. हे खुर्ची काढून, जोडून, चार चाकांभोवती फिरू? मले जे काही दिसते ते त्या आकड्यात दिसते."

"मग ही चंदेरी चाकं घ्या. यांच्यात बसतात सेन्सर."

"मले सोनेरी पायजे."

"मॅडम, काहीतरी एक सोडावं लागेल."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या नव्हत्या, जरा हसत होत्या. "भाऊ, मी लहानपणापासून काहीतरी एक सोडूनच राहिली. शाळा पायजे तर सहल सोड. नोकरी पायजे तर फिरती सोड, टेबलावर बस. फिरती मी भांडून घेतली. आता चाकं अन् आकडे, दोन्ही पायजे. तुम्ही शोधा. मी थांबते."

त्या खरंच थांबल्या. त्या दिवशी नव्हे, पुढे आठवडाभर. मी फोन करत सुटलो. इतवारीतल्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विचारलं, त्याने दिल्लीला विचारलं, आणि शेवटी मान वाकवता येणारे व्हॉल्व्ह मिळाले. हव्या त्या कोनात वळवून स्क्रू घट्ट केला की सेन्सर चाकाच्या उताराला चिकटून बसतो. असं काही मिळतं हे इतकी वर्षं या धंद्यात काढून मला माहीत नव्हतं. कारण दोन्ही पाहिजे म्हणणारं कुणी आलंच नव्हतं.

चाकं बसली. पांढऱ्या गाडीला ती इतकी शोभून दिसली की रस्त्याने जाणारे वळून पाहू लागले. मी म्हणालो, झालं काम. मॅडम म्हणाल्या, "बसा गाडीत."

"कशाला?"

"आकडा खरं बोलते का ते पाहू न. सलीमभाई, कुठल्या पण एका चाकातली हवा काढा थोडी. मले सांगू नका कुठलं."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडीच्या मागे गेले. थोडा वेळ सूं सूं आवाज झाला. मग आम्ही बेसा रस्त्याला लागलो. मी त्यांच्या शेजारी. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत होता. पण पहिल्या वळणानंतर मी ते विसरलो. समोरून उलट्या बाजूने एक बुलेटवाला आला, एक गाय आली, शाळेची व्हॅन आडवी गेली. त्या दांड्यावरचा हात इतक्या हलक्याने पुढे-मागे होत होता, जणू पेटी वाजवणाऱ्याचा भात्यावरचा हात. गाडीला एकही हिसका बसला नाही. एवढ्यात पिवळा दिवा लागला.

"उजवं पुढचं," आकड्याकडे पाहत मॅडम म्हणाल्या.

मी सलीमभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "मैंने तो पीछे का निकाला, लेफ्ट."

 मग मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांना गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. "म्हणजे मागचं चाक रडते अन् नाव पुढच्याचं सांगते! चाला, वापस."

झालं होतं असं की सेन्सर नव्या चाकांत घालताना जागा बदलल्या होत्या. गाडी अजून जुन्या जागा धरून बसली होती. मशीन लावून एकेका चाकाजवळ जाऊन प्रत्येक सेन्सरची नवी जागा गाडीला शिकवावी लागली. मग मॅडमनी चारही चाकांची परीक्षा घेतली. प्रत्येकातली हवा काढायला लावली, पुन्हा भरायला लावली. सलीमभाई घामाघूम झाले. कुणी दुसरं गिऱ्हाईक असतं तर त्यांनी पान्हा फेकून दिला असता. पण त्या दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "सेठ, इनका डर अपने जैसा नहीं है. ये डर को सामने बिठाके बात करती है."

जाताना मॅडमनी गाडीतल्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंपही घेतला.

त्यानंतर त्या येतच राहिल्या. काम काही नसायचं. दोनदा हॉर्न, काच खाली, "भाऊ, तुमच्या मशीनचा आकडा अन् माझा आकडा जुळते का पाहा." जुळायचाच. मग गावांच्या गोष्टी सांगायच्या. एका गावात पोरं चाकांवर बोटं फिरवून पाहतात, सोनं हाताला लागतं का म्हणून. एका सेविकेने नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं होतं, सोनेरी चाकवाल्या मॅडमनं शिकवलं आमाले. ते सांगताना त्यांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. एखाद्या पोरीला पहिलं बक्षीस मिळावं तसा.

आणि मग त्या पोळ्याच्या आसपासची दुपार.

पाऊस लागून राहिला होता. दुकानात गर्दी नव्हती. फोन वाजला. मॅडमचा नंबर, पण आवाज गाडीतल्या स्पीकरवरून येत होता आणि मागे काचेवरच्या पावसाचा तडतडाट.

"भाऊ, ऐका. मधात बोलू नका, ऐका फक्त. मी रामटेकच्या पलीकडच्या गावात आली होती. अंगणवाडीच्या मदतनीस बाईले साप चावला. खिचडीसाठी लाकडं काढत होती, हाताले चावला. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाले गेली आहे. मी तिले घेऊन रामटेकच्या दवाखान्यात जाऊन राहिली. आत्ता मोठ्या रस्त्याले लागली, आत्ताच नेटवर्क आलं. अन् डावं मागचं चाक उतरून राहिलं. तेहतीस असते. निघाली तवा अठ्ठावीस होतं. आता बावीस. थांबू का चालू, सांगा."

माझ्या तोंडातून आधी निघालं, "स्टेपनी?"

"कोण बदलेल? मी आहो, शेजारी सेविका कुंदाबाई आहे, अन् मागे ही बाई, तिचा हात कोपरापर्यंत सुजला. रस्त्यावर कुत्रं पण नाही या पावसात."

मी डोळे मिटले. बावीस. खिळा असणार, हवा हळूहळू जात होती. न थांबता गेल्या तर मधेच टायर रिमवर बसणार, त्या वेगात गाडी ओढणार, आणि त्यांच्याकडे सावरायला दोनच हात. थांबून हवा भरायची तर वेळ जाणार, आणि मागच्या सीटवरच्या बाईकडे तोच नव्हता. दुकानात बसून, कोरड्या कपड्यांत, मला हे ठरवायचं होतं. सलीमभाई जवळ येऊन उभे होते. त्यांनी बोटाने खूण केली, खाली. थांबवा.

"थांबा," मी म्हणालो. "आत्ता थांबा, आत्ता भरा. आत्ता भरली तर एकदाच थांबावं लागेल. टायर बसल्यावर भरायचं म्हटलं तर भरणार नाही."

 

"बरं," त्या म्हणाल्या. इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. "कुंदाबाई, उतर. डिक्कीतून काळा डबा काढ. वायर मले दे, इथं लावते. आता मागच्या चाकापाशी जा, माझ्या बाजूच्या नाही, तुझ्या. एक काळी टोपी दिसते न, छोटी? ते फिरवून काढ."

"फिरत नाही वं मॅडम!" लांबून आवाज आला.

मी मोठ्याने ओरडलो, "उलटी फिरवा, बाई, उलटी!"

"भाऊ म्हणते उलटी फिरव!"

फोन चालूच होता. मला सगळं ऐकू येत होतं. पंपाची घरघर सुरू झाली. मागच्या सीटवर कुणीतरी कण्हत होतं. आणि त्या सगळ्यात मॅडमचा आवाज, जसा चहाला बसल्यावर असतो तसाच.

"डोळे मिटू नको वं. माझ्याकडं पाहा, आरशात पाहा. तुझ्या घरी बकऱ्या किती आहेत?"

काहीतरी पुटपुटणं.

"नावं सांग त्यांची. सगळ्यांची सांग. काळीचं काय नाव? अन् तिच्या पिल्लाचं?"

ती बाई अडखळत बकऱ्यांची नावं सांगत होती. मॅडम प्रत्येक नावावर काहीतरी विचारत होत्या. कुठली मारकी, कुठली लाडाची. आणि मधेमधे, सूर न बदलता, मला, "पंचवीस... सत्तावीस, भाऊ." मी दुकानात फोन कानाला लावून उभा होतो. मी देवळात जातो, सणवार करतो, पण हात जोडावेत असं इतक्या आतून मला क्वचितच वाटलं आहे.

"एकतीस. पुरे. कुंदाबाई, बस लवकर. चालली मी."

"जास्त पळवू नका मॅडम. आकडा पाहत राहा. अचानक कमी झाला तर रेस सोडा, ब्रेक एकदम ढकलू नका."

"नाही ढकलत."

फोन कटला. त्यानंतर सलीमभाईंनी चहा मागवला आणि आम्ही दोघांनीही तो घेतला नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हणून सांगितलं. मी दोनदा फोन लावायला घेतला आणि ठेवला. गाडी चालवणाऱ्याला कशाला फोन करायचा? पाऊस थांबला, ऊन आलं, गेलं.

संध्याकाळी फोन आला. "पोचलो, भाऊ. औषध सुरू केलं डॉक्टरनं. वेळेत आणलं म्हणते." मग जरा थांबून, "चाक गेलं तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाई आणि मी एक चाक घेऊन रामटेकला गेलो. गाडी दवाखान्याच्या आवारात जराशी तिरकी उभी होती. डावा मागचा टायर फाटून लोंबत होता. सोनेरी रिमची कड सगळीकडून कुरतडल्यासारखी झाली होती. सलीमभाईंनी चाक काढलं तेव्हा आतून सेन्सरचे तुकडे पडले. गावात शिरताना खडी पसरलेली होती, तिथे टायरची बाजू चिरली. आकडा भराभर उतरला आणि मग आकडाच गेला, त्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या. तोवर दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं होतं. उरलेला रस्ता मॅडम रिमवर, माणूस चालतो त्या वेगाने गेल्या. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, टायर गेला, टायर गेला. त्या म्हणत होत्या, "दिसून राहिलं मले! बाजूला व्हा!" हे मला कुंदाबाईने सांगितलं, व्हरांड्यात उभं राहून, पदराने डोळे पुसत आणि हसत.

मॅडम आत होत्या, खाटेजवळ खुर्ची लावून. रात्रभर तिथेच होत्या. ती मदतनीस बाई झोपली होती, हाताला भलंमोठं बँडेज. ती पुढे बरी झाली. एक बोट तेवढं वाकत नाही, पण स्वयंपाक करते. मॅडमचे डोळे लाल झाले होते. मी त्यांचा डावा हात पाहिला. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, कातडी सोलून निघाली होती. दांडा धरून धरून. त्यांनी माझी नजर पाहिली आणि हात ओढणीखाली घेतला.

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं.  मी म्हणालो, "चाक आणलंय. तात्पुरतं चंदेरी लावतो."

"भाऊ," त्या म्हणाल्या, हळू आवाजात, बाई जागी होऊ नये म्हणून, "तोच रंग भेटेल न पण?"

मिळाला. दिल्लीहून पुन्हा मागवला. सेन्सर नवा घातला, गाडीला त्याची ओळख करून दिली. परीक्षा झालीच. या वेळी सलीमभाईंनी न सांगता एकेक चाकातली हवा काढली आणि प्रत्येक वेळी स्वतःच ओरडून विचारलं, "कौनसा, मॅडम?" बरोबर उत्तर आलं की सगळं दुकान हसायचं.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते विचारतात, मग मॅडमचा सत्कार झाला का? झाला, त्यांच्या ऑफिसात. नारळ आणि शाल मिळाली. त्या म्हणाल्या, "भाषणात साहेब म्हणाले, अपंग असूनही. मी मनात म्हटलं, असूनही काय? आहो म्हणूनच आकडे पाहत बसली होती. दुसरा कोणी असता तर दिव्यावर पट्टी लावून बसला असता." आणि डोळा मारला. मी शेजारच्या गाडीच्या नटाकडे पाहायला लागलो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. बढती मिळून अकोल्याला. तिकडची फिरती याहून मोठी, म्हणून त्या खूश होत्या. निघायच्या दिवशी सकाळी हवा पाहायला आल्या. मागच्या सीटवर सामान खच्चून भरलेलं, टपावर एक गादी बांधलेली. आणि शेजारच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपी, मांडीवर पाण्याची बाटली. त्यांचे वडील. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

सलीमभाई चाकांकडे वळले तसा मी खिडकीपाशी जाऊन नमस्कार केला. म्हाताऱ्यांना बोलायला माणूस हवंच होतं.

"मी इले पाठीवर घेऊन शाळेत नेत होतो," ते म्हणाले. "नंतर सायकल घेतली. वर्गात नेऊन बसवायचो, अन् सुट्टी झाली की आणायले जायचो. मास्तर म्हणत, काहून त्रास घेता गा, पोरगी आहे, पाय नाहीत. मी म्हटलं, पाय माझे आहेत न."

"बाबा, पुरे," मॅडम म्हणाल्या.

"दहावीपर्यंत नेलं," ते माझ्याकडे पाहूनच म्हणाले. "मग म्हणाली, आता मी जाते."

सलीमभाईंनी हात वर केला. चारही बरोबर. मॅडमनी आमच्याकडे पाहून मान हलवली, निरोपाचं काही बोलल्या नाहीत. मग त्या आडव्या झुकल्या. म्हाताऱ्यांच्या खांद्यामागून पट्टा ओढला, त्यांची बाटली जरा उचलून धरली, पट्टा छातीवरून आणून खाली अडकवला आणि घट्ट बसला का ते दोनदा ओढून पाहिलं. म्हातारे टोपी सावरत, दोन्ही हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलासारखे समोर पाहत बसले होते. गाडी मागे आली, वळली आणि वर्धा रोडच्या दिशेने निघून गेली.